सहभागी कला आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

सहभागी कला आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : यंत्राला शिकवण्यासाठी लागणारे चेहरे, आवाज आणि मजकूर कोणाचे, ते कोणाला विचारून घेतले आणि त्यावर हक्क कोणाचा, हे प्रश्न लोकांच्या प्रत्यक्ष सहभागातून हाताळणारा समकालीन कलाप्रवाह. यात कलावंत एकटा कलाकृती पूर्ण करीत नाही. लोकांनी कॅमेऱ्यासमोर येणे, गाणे, मजकूर जमवणे, प्रसंगी नकार देणे, यातूनच ती घडते.

या प्रश्नांची निकड सुरतमध्ये सहज दिसते. २०१५मध्ये सुरत पोलिसांनी जपानच्या एनईसी कंपनीची चेहरे ओळखणारी प्रणाली शहराच्या सीसीटीव्ही जाळ्याला जोडली. भारतात अशा प्रणालीचा हा अगदी सुरुवातीचा वापर होता. उधना, लिंबायत, पांडेसरा या कामगारवस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी असंख्य कुटुंबे राहतात. पाळीवर निघालेला कामगार अशा कॅमेऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याचा चेहरा यंत्राच्या तपासणीत येतो. त्याची परवानगी मात्र कोणी मागत नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा संमतीला मध्यवर्ती स्थान देतो, पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही त्यातच आहे. कायद्याने मोकळी सोडलेली ही जागा सहभागी कलेला विशेष जवळची आहे.

या प्रवाहाची एक महत्त्वाची पूर्वपीठिका मुंबईत तयार झाली. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांच्या ‘शॅडो ३’ (२००७) या कलाकृतीत कॅमेरा प्रेक्षकाची सावली टिपून पडद्यावर टाकतो. वरून कोसळणाऱ्या वस्तू त्या सावलीला चिकटत जातात आणि काही केल्या झटकता येत नाहीत. प्रणालीने एकदा आपल्याला टिपले की काय होते, याचा अनुभव इथे शब्दांवाचून अंगावर येतो.

शायना आनंद, संजय भांगर आणि अशोक सुकुमारन यांनी २००७मध्ये मुंबईत स्थापन केलेला ‘कॅम्प’ हा गट याहून पुढे गेला. ‘द नेबर बिफोर द हाऊस’ (२००९) या प्रकल्पात पूर्व जेरुसलेममधील पॅलेस्टिनी कुटुंबांच्या हाती फिरवता येणारा पहारा-कॅमेरा देण्यात आला. शेजाऱ्यांची घरे, आपण ज्यातून बाहेर काढले गेलो ती घरे, वाढत्या वसाहती हे सारे ती माणसे दूरवरून न्याहाळत होती आणि पाहता पाहता बोलत होती. कॅमेरा कुठे वळवायचा हे त्यांनीच ठरवले. एरवी ज्यांच्यावर नजर ठेवली जाते तेच इथे पाहणारे झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आजच्या अनेक चकचकीत प्रदर्शनांपेक्षा हे काम मूलगामी आहे, कारण त्यात यंत्र कसे चालवायचे याचा निर्णय लोकांकडे होता. या गटाची ‘बॉम्बे टिल्ट्स डाऊन’ (२०२२) ही कृती मुंबईतील एका ३५ मजली इमारतीवर बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याने टिपलेली आहे.

यंत्राला शिकवण्याच्या प्रक्रियेवर थेट बोट ठेवले ते ट्रेव्हर पॅगलन आणि केट क्रॉफर्ड यांच्या ‘इमेजनेट रूलेट’ने (२०१९). कोणीही आपले छायाचित्र द्यावे आणि यंत्राने त्यावर शिक्का मारावा, अशी ही रचना होती. शिक्के ‘इमेजनेट’ या छायाचित्र-संग्रहातल्या माणसांच्या वर्गांमधून येत. हजारो लोकांनी इंटरनेटवरून, तुटपुंज्या मोबदल्यात त्या छायाचित्रांना नावे दिली होती. कोणी ‘गुन्हेगार’ ठरले, कोणाला वंशावरून हिणवणारा शब्द मिळाला. यंत्राचे म्हणून जे खपत होते, ते माणसांचेच पूर्वग्रह होते. याच सुमारास संग्रह चालवणाऱ्या संशोधकांनी माणसांची सुमारे ६ लाख छायाचित्रे काढून टाकण्याचे जाहीर केले. 

कॅरोलिन सिंडर्स यांच्या ‘फेमिनिस्ट डेटा सेट’मध्ये (२०१७पासून) कार्यशाळेला आलेली मंडळी यंत्राला शिकवण्यासाठी कोणता मजकूर घ्यायचा, कोणता वगळायचा हे एकत्र बसून ठरवतात. हॉली हर्नडन आणि मॅट ड्रायहर्स्ट यांनी ‘द कॉल’ या प्रदर्शनासाठी (लंडन, २०२४–२५) ब्रिटनमधील १५ गायनवृंदांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांवर यंत्राला शिकवले. त्या आवाजांवर गायकांचा सामायिक हक्क राहावा, म्हणून विश्वस्त-पद्धतीची व्यवस्था आखण्यात आली.

या प्रवाहावरचा गंभीर आक्षेप असा, की लोकांचा सहभाग फुकट घेऊन नाव कलावंताचे आणि कलादालनाचे होते. मग विदा गोळा करणाऱ्या कंपनीत आणि त्यांच्यात फरक तो काय? आक्षेप रास्त आहे. त्याचे एक उत्तर कलेच्या बाहेर, मराठी भाषेच्याच कामात मिळते. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी ग्रामीण आणि शहरी अल्प उत्पन्न गटांतील माणसे व विद्यार्थी अशा ३६ जणांनी मिळून यंत्राला शिकवण्यासाठी १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण केले. अल्प उत्पन्न गटांचे काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे ठरले. याच धर्तीच्या कामातून पुढे उभ्या राहिलेल्या ‘कार्या’ या संस्थेने आवाज देणाऱ्यांना चांगला मोबदला देण्याचे आणि तीच विदा पुन्हा विकली गेल्यास त्यांना त्यात वाटा देण्याचे धोरण स्वीकारले.