नदीचें ऋण, तळ्याचें ऋण

सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळचा यशवंत तलाव पाहतांना मत्स्यशेतीचा इतिहास आम्हांस आठवतो. पूर्वीं कटला-रोहूचें बीज नदींतूनच गोळा करीत. तळ्याची भर ती नदीची तूट. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांत हिरालाल चौधरी यांनीं पीयूषग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन कार्पजातीय माशांचें प्रजनन साधलें, आणि नदीवरील भार हलका होण्याची वाट खुली झाली. परंतु बीज मुबलक झालें कीं हांव वाढते. कटला वरच्या, रोहू मधल्या, मृगळ तळच्या थरांतलें अन्न खातो. हें प्रमाण मोडून मासे दाटीनें सोडले, तर उरलेलें खाद्य कुजून पाण्यांतील प्राणवायु हरतें. नदीचें ऋण फेडतांना तें तळ्याच्या माथीं मारणें, ही कांहीं प्रगति नव्हे.