ब्रुक फार्म : शेणखत, धुणे आणि एक कादंबरी

थोरोचे ‘वॉल्डन’ दुर्गा भागवतांच्या अनुवादामुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. तळ्याकाठी झोपडी बांधून एकट्याने राहणारा लेखक ही प्रतिमा आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. थोरो तळ्याकाठी गेला १८४५ साली. त्याच्या चार वर्षे आधी, त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, काही सुशिक्षित माणसांनी एकत्र राहून आणि एकत्र शेती करून साधे पण विचारसंपन्न जीवन जगण्याचा प्रयत्न केला होता. त्या ब्रुक फार्मची आठवण आपल्या वर्गांत निघते ती बहुधा नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द ब्लाइथडेल रोमान्स’ (१८५२) या कादंबरीची पार्श्वभूमी म्हणून. कादंबरी वाचायची आणि वसाहतीचा निकाल लावायचा, ही सवय आम्हालाही होती. ती सोडून तेथील रोजच्या जीवनाकडे पाहिले, तर निकाल इतका सोपा राहत नाही.

जॉर्ज रिप्ली हा बॉस्टनमधील युनिटेरियन धर्मोपदेशक. विचार करणारा आणि अंगमेहनत करणारा हे दोन वेगळे वर्ग असू नयेत, एकाच माणसाने दोन्ही करावे, असे त्याचे म्हणणे होते. चर्चचे पद सोडून १८४१ च्या वसंतात तो पत्नी सोफिया आणि काही सोबत्यांसह बॉस्टनपासून सुमारे नऊ मैलांवरच्या वेस्ट रॉक्सबरी येथील एका दुग्धव्यवसायाच्या शेतावर राहावयास आला. इमर्सनला त्याने आग्रहाचे निमंत्रण दिले होते. इमर्सनने बराच विचार करून नकार दिला. हॉथॉर्न मात्र आला. सोफिया पीबडीशी त्याचा विवाह ठरला होता, संसारासाठी स्वस्त आणि निर्वेध जागा हवी होती. त्याने प्रत्येकी पाचशे डॉलरचे दोन भाग घेतले.

वसाहतीचा करार वाचण्यासारखा आहे. तीनशे दिवसांचे काम म्हणजे एक वर्षाचे काम, आणि त्याच्या मोबदल्यात वर्षभर राहणे-जेवण. मे ते ऑक्टोबर आठवड्याला साठ तास, उरलेल्या महिन्यांत अठ्ठेचाळीस. दहा वर्षांखालील मुले, सत्तरीपुढील वृद्ध आणि आजारी माणसे यांचा भार सर्वांनी उचलायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामाकामांत मोलाचा फरक नाही: ग्रीक शिकवणारा, गोठा साफ करणारा, कपडे धुणारी, सर्वांचा तास सारखा, पुरुषाचा आणि स्त्रीचाही सारखाच.

जेवण सर्वांचे एकत्र, ‘हाइव्ह’ या मूळ शेतघरात. माणसे वाढली तशी आणखी घरे झाली, पण चूल एकच राहिली. मांसाहार न करणाऱ्यांचे टेबल वेगळे असे. वाढण्याचे काम चार्ल्स डेना आणि त्याचे सोबती करीत. हा डेना शाळेत भाषाही शिकवी, आणि पुढे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रसृष्टीत मोठा संपादक झाला. सोमवारचे धुणे हे मोठे प्रकरण होते. ओले जड कपडे पिळायला आणि दोरीवर घालायला पुरुषही येत. संध्याकाळी नाच सुरू झाला की त्यांच्या खिशांतून कपड्यांचे चिमटे खाली पडत, असे इमर्सनने पुढे काहीशा थट्टेने लिहिले आहे. आम्हाला त्यात थट्टेपेक्षा पुरावा अधिक दिसतो. १८४० च्या दशकात सुशिक्षित पुरुषांच्या खिशात कपड्यांचे चिमटे असणे ही सामान्य गोष्ट नव्हती. तरीही धुणे आणि इस्त्री यांचा मुख्य भार स्त्रियांवरच राहिला. सोफिया रिप्ली स्वतः इतिहास शिकवी आणि त्याच दिवशी तासन् तास धुलाईघरातही राबे. ‘द डायल’ या नियतकालिकात स्त्रीच्या स्थितीवर लेख लिहिणारी ही विदुषी होती. धुलाईघरातून तिने कादंबरी लिहिली नाही. म्हणून आपल्या अभ्यासक्रमात ती नाही.

हॉथॉर्नकडे वळू. पहिल्याच दिवशी त्याने इतक्या जोमाने गवत कापले की यंत्र मोडले. मग शेणखताचा ढीग उपसण्याचे काम आले. रिप्ली त्याला सोन्याची खाण म्हणे. आरंभीची त्याची पत्रे उत्साहाची आहेत. उन्हाळा येता येता सूर बदलतो: या श्रमाने हात राठ होतात आणि मनही, लिहिणे होत नाही. शरद ऋतूत त्याने श्रमाची जबाबदारी सोडली आणि पैसे भरून राहणारा पाहुणा म्हणून तो काही आठवडे राहिला. याच काळात त्याची अर्थसमितीवर निवड झाली, ही गंमतच. पण त्याच्या टिपणवहीतील ब्रुक फार्मची उत्तम वर्णने, रानातील फेरफटके, वनभोजन, ही या आठवड्यांतली आहेत. अर्थ उघड आहे. तो लिहू लागला तेव्हा खत दुसरे कोणी उपशीत होते. नोव्हेंबरात तो निघून गेला आणि पुढे आपल्या पैशांसाठी त्याने न्यायालयात दावाही लावला. आपल्या कादंबरीला ब्रुक फार्मचे चित्र समजू नये, असे त्याने प्रस्तावनेत बजावले आहे. वाचकांनी ते फारसे मनावर घेतले नाही.

तो गेल्यावर वसाहत सुमारे सहा वर्षे टिकली. जमीन रेताड, गवतापलीकडे फारसे न देणारी. भरवशाचे उत्पन्न शाळेचे. भरभराटीच्या काळात तेथे शंभराच्या आसपास माणसे होती. १८४४ मध्ये फूरियेच्या विचारांनुसार फेररचना झाली. जोडे, खिडक्यांच्या चौकटी, दिवे असे उद्योग काढले, कामगार कुटुंबे आली. जेवणात काटकसर आली. देवी पसरल्या. ३ मार्च १८४६ च्या रात्री नवी मोठी इमारत पुरी होण्याआधीच जळाली. तिचा विमा उतरवलेला नव्हता. १८४७ साली सारे संपले. रिप्ली न्यूयॉर्कला गेला आणि वृत्तपत्रात पुस्तक-परीक्षणे लिहून अनेक वर्षे कर्ज फेडीत राहिला.

ब्रुक फार्म बुडाले ते निकस जमीन, अपुरे भांडवल आणि आग यांमुळे. विचारवंतांनी कपडे पिळल्यामुळे ते बुडाले, असे म्हणायला आधार नाही. श्रम आणि चिंतन एकत्र नांदत नाहीत, हा हॉथॉर्नचा अनुभव खरा आहे. पण तो सात महिन्यांनी निघून जाऊ शकलेल्या एका लेखकाचा आहे. डेना शिकवीत आणि वाढीत राहिला. सोफियाला मात्र एकाच दिवसात दोन दिवस जगावे लागले, आणि तिची दमणूक हॉथॉर्नच्या दमणुकीपेक्षा अधिक गंभीर प्रश्न विचारते.

म्हणून कादंबरी शिकवताना हा करार आणि कामाचे हे तास तिच्या शेजारी ठेवावेत, असे आम्हाला वाटते. लेखकाला निवांतपणा लागतो, हे आपण सर्वच मानतो. तो कोणाच्या श्रमातून येतो, हे ब्रुक फार्मच्या लोकांनी निदान वहीत मांडून पाहिले. आपल्या घरांत ती वही अजून उघडलेली नाही.