दोन जातींचे एक पोलाद

श्रोतेहो, नांदेडच्या किंवा लातूरच्या बाजारात भांडी घ्यायला गेलेली जाणती मंडळी लोहचुंबक लावून पाहतात. चिकटला तर माल हलका, नाही चिकटला तर अस्सल स्टेनलेस! हा हिशेब कितपत खरा? ते कळायला पोलादाचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे, आणि त्याचे एक पान आपल्या शेजारीच आहे.

नांदेडच्या सीमेपलीकडे, तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. १९५६ पर्यंत नांदेड आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. या गावचे कारागीर मातीच्या मुशीत पोलाद गाळीत. डॉ. हेन्री व्हॉयसी यांनी ते काम पाहून लिहिलेला वृत्तांत १८३२ साली कलकत्त्यास छापला गेला. दोन ठिकाणचे लोखंड तीनास दोन या प्रमाणात मुशीत घालीत, असे त्यात सांगितले आहे. हे पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी येत. पाते उत्तम होई. पण गंजापुढे तेही हतबलच. तेलाचा हात फिरवावाच लागे.

गंजावर तोड निघाली १९१२-१३ च्या सुमारास, जर्मनीत आणि इंग्लंडातल्या शेफील्डला. लोखंडात शंभरात दहा-अकरा भागांहून अधिक क्रोमियम मिसळले, की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा धरतो. हेच स्टेनलेस स्टील.

त्याच्या मुख्य जाती दोन. फेराइट ही चुंबकाला चिकटणारी. निकेल घालून होते ती ऑस्टेनाइट, न चिकटणारी. आपली ३०४ क्रमांकाची भांडी या दुसऱ्या जातीची. ती हवी तशी वाकते. पण खारे पाणी, उष्णता आणि ताण एकत्र आले, की तिला तडे जातात. फेराइट अशा तड्यांना दाद देत नाही. पण जाड जोडकामात ठिसूळ होते.

मग दोघींची मोट का बांधू नये? १९३० साली स्वीडनमधील आवेस्ता येथे असे पोलाद तयार झाले. त्यात दोन्ही जातींचे कण जवळजवळ निम्मेनिम्मे असतात, म्हणून नाव ड्यूप्लेक्स, म्हणजे दुहेरी. अडचण सांध्याची होती. वेल्डिंगच्या उष्णतेने तोल बिघडे आणि सांधा ठिसूळ होई. १९७० नंतर पोलादात नायट्रोजन मोजून घालणे साधले आणि तोल टिकू लागला.

आज सर्वांत चालणारी प्रत २२०५. तिच्यात क्रोमियम सुमारे २२ टक्के, निकेल ५, मॉलिब्डेनम ३. तिचे बळ ३०४ च्या जवळजवळ दुप्पट. म्हणून पत्रा पातळ चालतो. २५०७ ही त्याहून कणखर, समुद्राच्या पाण्यासाठी. तर २१०१ मध्ये निकेल दीड टक्काच, म्हणून स्वस्त. पण सुमारे ३०० अंश सेल्सिअसवर सतत तापत ठेवल्यास ड्यूप्लेक्सही ठिसूळ होते. गुण आहेत, तशी मर्यादाही आहे.

आता चुंबकाकडे वळू. निम्मे फेराइट असल्यामुळे ड्यूप्लेक्सला चुंबक चिकटतो, तरी ते ३०४ हून सरस! उलट निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०१-२०२ प्रतीला चुंबक सहसा चिकटत नाही, पण खाऱ्या पाण्यात ती ३०४ च्या आधी डागाळते. म्हणजे चुंबक जात सांगतो, लायकी सांगत नाही. गुरुजनहो, वर्गात चमचे, डबे आणि एक चुंबक घेऊन हे मुलांना जरूर दाखवा.

घरच्या डब्याला, हंड्याला ड्यूप्लेक्स लागत नाही; ३०४ पुरते. पण बोअरचे पाणी मचूळ असेल आणि पंपाला किंवा टाकीला मोठा पैसा घालायचा असेल, तर आधी पाणी तपासून घ्या. मग नुसते "स्टील आहे" यावर भागवू नका. प्रतीचा क्रमांक विचारा आणि तो पावतीवर लिहून घ्या. पैसा कष्टाचा असतो, श्रोतेहो. तो चकाकीवर जाऊ नये.