पिझ्झ्याचा तुकडा आणि भुयारी रेल्वेचं तिकीट



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग पाऊस. असो. मागच्या लेखावर आमच्या पुतणीने विचारलं होतं, "काका, तुम्ही इतके महिने न्यूयॉर्कला राहता, बाहेर खाता तरी काय? आणि परवडतं कसं?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना मी थेट नेपल्सपर्यंत जाऊन पोचलो. तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवल्यावर सवयच तशी लागते, काय करणार!

आधी परिस्थिती सांगतो. चिरंजीव क्वीन्समध्ये राहतात. आम्ही उभयता पहिल्यांदा तिकडे गेलो ते २०१२ च्या मार्चमध्ये. निवृत्त शिक्षकाचं पेन्शन रुपयात, रुपया तेव्हा डॉलरला पन्नासच्या आसपास. मुलगा-सून सगळं करायचे, कशाला कमी नव्हतं. पण सकाळी ती दोघं कामावर गेली की आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी शहर बघायला बाहेर पडायचो. त्या वेळी खिशात स्वतःचे पैसे असावेत, प्रत्येक गोष्टीसाठी मुलाकडे हात पसरू नये, असं मनापासून वाटायचं. ज्यांनी पोरांच्या घरी परदेशात दिवस काढलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. हॉटेलात बसून जेवायचं तर माणशी पंधरा-वीस डॉलर. मनातल्या मनात पन्नासने गुणलं की घास घशाखाली उतरत नसे. शिवाय सौ. शुद्ध शाकाहारी.

अशा वेळी आम्हाला तारलं ते चीज पिझ्झ्याच्या एका तिकोनी तुकड्याने. तिकडे त्याला 'स्लाइस' म्हणतात. तेव्हा तो डॉलर-दोन डॉलरमध्ये कागदी ताटलीत गरमागरम मिळायचा, वर फक्त टोमॅटोचा सॉस आणि चीज, मांसाचा संबंध नाही. उभ्या उभ्या मधोमध दुमडून खायचा, की झालं दुपारचं जेवण. मला प्रश्न पडला तो असा : ज्या शहरात भाड्याची खोलीसुद्धा माणसाला घाम फोडते, तिथे ही एकच गोष्ट एवढी स्वस्त आणि एवढी चांगली कशी?

तर त्याचं मूळ आहे इटलीतल्या नेपल्स शहरात. पिझ्झा आपल्याकडे आला तो १९९६ च्या सुमारास, मोठ्या कंपन्यांच्या दुकानांतून, त्यामुळे आपल्या मनात तो श्रीमंतांच्या पोरांच्या वाढदिवसाचा पदार्थ होऊन बसला. मुळात तो अगदी उलटा आहे. नेपल्समध्ये बंदरावर ओझी वाहणारी, धड घरदार नसलेली गरीब माणसं होती, त्यांना 'लाझारोनी' म्हणत. त्यांचं हे खाणं. अलेक्झांडर द्युमा, 'थ्री मस्केटिअर्स'वाला, १८३५ मध्ये नेपल्सला गेला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय की ही माणसं हिवाळ्यात पिझ्झ्यावर आणि उन्हाळ्यात कलिंगडावर जगतात. पुढे १८८४ मध्ये मातिल्दे सेराओ या लेखिका-पत्रकार बाईंनी नेपल्सच्या गरीब वस्त्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात पिझ्झेवाल्याचं वर्णन आहे : तो पिझ्झ्याचे तुकडे करून एकेक सोल्दोला विकायचा. सोल्दो म्हणजे पाच चेंतेसिमींचं नाणं, अगदी हलकं. म्हणजे बघा, तुकडा विकण्याची पद्धत काही अमेरिकेने शोधलेली नाही!

नेपल्समध्ये आणखी एक रीत होती, ती मला फार आवडली. पिझ्झा आज खायचा आणि पैसे आठ दिवसांनी द्यायचे. थोडक्यात, आपल्या वाण्याकडची उधारीची वही. सोफिया लॉरेनच्या १९५४ च्या एका सिनेमात ही उधारी दाखवली आहे.

आता त्या काळच्या प्रतिष्ठित मंडळींचं मत काय होतं? 'पिनोकिओ' लिहिणारा कोलोदी हा फ्लॉरेन्सचा. त्याने १८८६ मध्ये पिझ्झ्याबद्दल अगदी नाक मुरडून लिहिलं. सेराओबाई सांगतात की एका नेपल्सवाल्याने रोममध्ये पिझ्झ्याचं दुकान काढलं, पण ते चाललं नाही. म्हणजे स्वतःच्या देशातसुद्धा या पदार्थाला गावाबाहेर किंमत नव्हती.

मग ती सुप्रसिद्ध गोष्ट येते. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली, राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झेवाल्याने तिच्यासाठी लाल टोमॅटो, पांढरं मोझरेला आणि हिरवी बेझिलची पानं घालून झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला आणि त्याला तिचं नाव दिलं. गोष्ट गोड आहे. पण अलीकडे अभ्यासकांनी तिच्या पुराव्याला, म्हणजे राजवाड्यातून आलेल्या म्हणतात त्या पत्राला, चांगलीच शंका घेतली आहे. वर्गात मी मुलांना सांगायचो, की एखादा गरिबाचा पदार्थ मोठा झाला की त्याच्या जन्मकथेत राजा-राणी हमखास येतात. आपल्याकडेही गावोगावी अशा कथा आहेत, आठवून बघा.

आता अमेरिका. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन तिकडे गेले, त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे, गरीब, शेतमजूर. खाण्याच्या सवयी सोबत गेल्या. न्यूयॉर्कच्या स्प्रिंग स्ट्रीटवर जेनारो लोंबार्डी यांचं दुकान होतं, ते १९०५ पासूनचं आणि अमेरिकेतलं पहिलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. आता जुनी कागदपत्रं तपासणारे म्हणतात की त्याच्याही आधी फिलिपो मिलोने नावाच्या माणसाने तिथे पिझ्झ्याची दुकानं काढली होती. काही असो, तिथे हाताखाली शिकलेल्या माणसांनी पुढे आपापली दुकानं टाकली. कोनी आयलंडचं टोटोनोज १९२४ चं, ब्लीकर स्ट्रीटचं जॉन्स १९२९ चं. या सगळ्यांच्या भट्ट्या दगडी कोळशाच्या. आच इतकी की पिझ्झा काही मिनिटांत तयार व्हायचा, आणि तो अख्खाच विकायचा. जॉन्सच्या दुकानावर तर 'तुकडे मिळणार नाहीत' अशी पाटीच आहे.

मग तुकडा स्वस्त आणि सर्वत्र कसा झाला? माझ्या मते याचं उत्तर भट्टीत आहे. कोळशाची भट्टी बांधायला खर्चिक, जागा खाणारी, आणि तिच्यापुढे उभा राहणारा माणूस मुरलेला लागतो. १९३० च्या दशकात फ्रँक मास्त्रो या इटालियनाने पिझ्झ्यासाठी गॅसची भट्टी आणली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अशा कपाटासारख्या पोलादी भट्ट्या भराभर पसरल्या. यांची आच कोळशाच्या भट्टीपेक्षा बरीच कमी, साधारण २६० ते २९० सेल्सिअस. पिझ्झा सावकाश भाजतो, त्यामुळे त्यातलं पाणी उडतं, बूड कडक होतं. नेपल्सचा ओलसर, मऊ पिझ्झा थंड झाला की चिवट होतो, आपली तंदुरी रोटी होते तसा. हा मात्र तासाभराने पुन्हा दोन मिनिटं भट्टीत सरकवला की परत खरपूस! त्यातच कमी पाण्याचं मोझरेला मिळू लागलं, ते टिकतंही जास्त. झालं, मोठा पिझ्झा करून ठेवायचा, आठ तुकडे करायचे, गिऱ्हाईक येईल तसा एकेक गरम करून द्यायचा. ना टेबल, ना वेटर, ना काटे-चमचे. कामावरच्या माणसाच्या दहा मिनिटांच्या सुट्टीत बसेल असं जेवण. मुंबईच्या वडापावचं गणित याहून वेगळं कुठे आहे?

आता रेल्वेकडे वळू. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तिकीट पाच सेंट. हे पाच सेंट तब्बल १९४८ पर्यंत तसेच राहिले. दोन महायुद्धं झाली, मंदी झाली, पण तिकीट वाढवायची कुणा पुढाऱ्याची हिंमत नव्हती. १९४८ मध्ये दहा, १९५३ मध्ये पंधरा सेंट. गंमत अशी की साठच्या दशकात पिझ्झ्याचा तुकडाही पंधरा सेंटलाच मिळायचा. पुढे दोन्ही किमती हातात हात घालून वाढत गेल्या. १९८० मध्ये एरिक ब्रॅम नावाच्या न्यूयॉर्ककराने ही गोष्ट 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून लोकांच्या नजरेस आणली, आणि तेव्हापासून तिथले लोक म्हणतात, तुकडा महागला की समजावं, आता तिकीट वाढणार! यामागे अर्थशास्त्राचा पक्का नियम आहे असं नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसासाठी आहेत, रोज कामाला जाणाऱ्या. त्याच्या खिशाला काय झेपतं, तेच दोघांचं माप.

२००८ ची मंदी आली त्याच्या आगेमागे शहरात एक डॉलरला तुकडा विकणारी दुकानं निघाली. 'टू ब्रदर्स' हे त्यातलं नावाजलेलं. नोकऱ्या गेलेले, विद्यार्थी, टॅक्सीवाले, सगळ्यांची रांग. आम्ही गेलो त्याच मार्चमध्ये पेपरात एक बातमी आली होती. सिक्स्थ ॲव्हेन्यूवर या टू ब्रदर्सची शेजारच्या दुकानाशी चढाओढ लागली आणि तुकड्याचा भाव पाऊण डॉलरवर आला. शेजाऱ्याचं नाव काय असावं? 'बॉम्बे फास्ट फूड'! समोसे आणि पिझ्झा एकाच छपराखाली. मला हसूही आलं आणि ऊरही भरून आला. नेपल्सच्या हमालाचं खाणं, मॅनहॅटनच्या रस्त्यावर, बॉम्बेच्या पाटीखाली!

चांगला तुकडा ओळखायचा कसा, हे सौ. आणि मी अनुभवाने शिकलो. दुकानात वर्दळ हवी, म्हणजे माल शिळा राहत नाही. बुडाला तपकिरी डाग हवेत, पांढरंफटक बूड म्हणजे कच्चं. दुमडल्यावर टोक लोंबकळता कामा नये. आणि चीजखाली सॉस दिसला पाहिजे, चिजाचा नुसता लगदा नको. तेव्हा एक डॉलरवाला पोट भरायचा, पण अडीच-तीन डॉलरवाल्या जुन्या गल्लीतल्या दुकानाचा तुकडा लक्षात राहायचा. पक्के शाकाहारी असाल तर वरून भुरभुरवायच्या पार्मेजान चीजची चौकशी करा, अस्सल असेल तर त्यात वासराच्या जठरातलं रेनेट असतं. सौ.नी ते कळल्यावर डबीला पुन्हा हात लावला नाही.

२०२४ मध्ये पुन्हा गेलो तेव्हा चित्र पालटलेलं होतं. करोनानंतर पीठ, चीज, कागदी खोकी, भाडं, सगळंच महागलं. २०२२ मध्ये साध्या तुकड्याची सरासरी किंमत तीन डॉलरच्या वर गेली, तेव्हा तिकीट पावणेतीन डॉलर होतं. म्हणजे इतकी वर्षं जुळलेली जोडी तुटली. तिकीट २०२३ मध्ये २.९० डॉलर झालं, तरी तुकडा पुढेच. एक डॉलरची पाटी बऱ्याच ठिकाणी उतरून दीड डॉलरची चढली होती. दरम्यान २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांच्या कलेला युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. मान मिळाला, त्याचा आनंदच आहे. पण आमच्या लहानपणी ज्वारी-बाजरीची भाकरी गरिबाची होती आणि आता ती हॉटेलात पोळीपेक्षा महाग झाली, तसं काहीसं याचं होऊ नये असं वाटतं.

एक निरीक्षण मात्र सांगायलाच हवं. त्या दुकानांत भट्टीपुढे उभी असलेली माणसं आता क्वचितच इटालियन असतात. कुणी मेक्सिकोचा, कुणी बांगलादेशचा, कुणी आपल्या पंजाबातला. बारा-बारा तास उभं राहून, उन्हाळ्यातही भट्टीच्या तोंडाशी. एका बांगलादेशी पोराने मला मोडक्या हिंदीत सांगितलं, की तो स्वतः रोज दुपारी तोच तुकडा खातो आणि उरलेले पैसे सिल्हेटला आईला पाठवतो. शंभर वर्षांपूर्वी नेपल्सहून आलेला पोरगाही हेच करत असणार. आम्ही दोघांनी दोन डॉलरमध्ये मिंधेपणा न वाटता जेवून घेतलं, त्या स्वस्ताईतला मोठा वाटा या पोरांच्या घामाचा आहे. पदार्थ आपोआप स्वस्त होत नसतो, कुणीतरी तो स्वस्त ठेवत असतं.

तर पुतणीबाई, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जरा लांबलं खरं. आणि तुम्ही मंडळी जिथे कुठे आहात, दुबई, लंडन, मेलबर्न, तिथे कमी पैशांत पोट भरणारं आणि मानाने खाता येणारं असं काय मिळतं, ते जरूर कळवा. आणि ते कुणी कुठून आणलं, हेही जमलं तर विचारून बघा.