एंडोटॉक्सिनला दाद न देणारा उंदीर

'टीएलआर-४ हा एलपीएसचा रिसेप्टर आहे.' प्रतिकारशास्त्राच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. नेट-सेटच्या तयारीत आपण ती ओळ पाठ करतो आणि पुढे जातो. पण तिथवर पोहोचायला शंभरेक वर्षं लागली, आणि शेवटचा टप्पा पार झाला तो एका 'बिघडलेल्या' उंदरामुळे. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी, कारण तिच्यात प्रयोग कसा रचायचा आणि कुठे फसगत होते हे दोन्ही दिसतं.

सुरुवात १८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये झाली. रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत रिचर्ड फायफर पटकीच्या जिवाणूंवर काम करत होते. त्यांना दिसलं की मेलेले जिवाणू टोचले तरी गिनीपिग दगावतात. म्हणजे हे विष जिवाणू बाहेर सोडत नव्हता. ते त्याच्या शरीराचाच भाग होतं. म्हणून नाव पडलं एंडोटॉक्सिन. पुढे कळलं की ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एलपीएस, ते हेच. पण शरीर त्याला ओळखतं कसं?

१९६५ मध्ये हेप्नर आणि वाइस यांनी नोंदवलं की सी३एच/हेजे या जातीचे उंदीर एंडोटॉक्सिनला दाद देत नाहीत. त्यांच्या अगदी जवळचे नातेवाईक असलेले सी३एच/हेएन उंदीर मात्र नेहमीप्रमाणे आजारी पडतात. सत्तरच्या दशकात वॉटसन, रिब्लेट आणि सहकाऱ्यांनी संकर करून दाखवलं की हा फरक एकाच जनुकाचा आहे आणि ते जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. त्याला 'एलपीएस लोकस' म्हणू लागले.

आता वाटेल, विष पचवणारा उंदीर म्हणजे नशीबवानच! १९८० मध्ये ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी हे उलटं असल्याचं दाखवलं. या उंदरांना जिवंत साल्मोनेला टायफीम्युरियम दिला, तर अगदी मोजक्या जिवाणूंनीही ते मरत होते. एलपीएसची चाहूलच लागत नसल्यामुळे मॅक्रोफेज वेळेवर जागे होत नव्हते, आणि तोवर जिवाणू वाढून बसायचे. ज्या प्रतिक्रियेचा अतिरेक झाला की जीव जातो, तीच वेळेवर आणि बेताची झाली तर जीव वाचवते. सेप्सिस समजून घ्यायचा तर हा पेच सोडवणं भाग होतं.

१९९० मध्ये सीडी१४ हे एलपीएसला बांधणारं प्रथिन सापडलं. पण त्याला पेशीच्या आत जाणारा भागच नाही, मग निरोप आत कोण पोहोचवतं? टेक्सासमध्ये डॅलसला ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९३ पासून एलपीएस लोकसचा पाठपुरावा सुरू केला. तेव्हा उंदराचा जीनोम उपलब्ध नव्हता. संकर करायचे, प्रत्येक पिल्लाची एलपीएसला प्रतिक्रिया तपासायची, गुणसूत्राचा तुकडा लहान करत आणायचा आणि मग तो वाचायचा, असं पाच वर्षं चाललं. दरम्यान १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने फळमाशीत 'टोल' जनुक बुरशीपासून संरक्षण देतं हे दाखवलं होतं, आणि १९९७ मध्ये मेड्झिटोव्ह व जेनवे यांनी माणसातलं टोलसारखं प्रथिन मांडलं होतं. १९९८ मध्ये ब्यूटलर गटाला त्या तुकड्यात टीएलआर-४ सापडलं. हेजे उंदरात त्याच्या ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन होतं. नेमका पेशीच्या आतला भाग बिघडलेला, त्यामुळे निरोप तिथेच अडत होता.

पण एक उत्परिवर्तन हा योगायोगही असू शकतो. म्हणून दुसरी जात तपासली: सी५७बीएल/१०एससीसीआर. तीही एलपीएसला दाद देत नाही, आणि तिच्यात हे जनुकच गळालेलं निघालं. दोन स्वतंत्र जाती, दोन वेगळे बिघाड, परिणाम एकच. १९९९ मध्ये अकिरा गटाने टीएलआर-४ नसलेले उंदीर मुद्दाम तयार करून तेच दाखवलं.

आता फसगतीबद्दल. त्याच सुमारास काही गटांनी टीएलआर-२ हा एलपीएसचा रिसेप्टर असल्याचं मांडलं होतं. २००० मध्ये कळलं की बाजारातल्या एलपीएसमध्ये जिवाणूंची लिपोप्रथिनं मिसळलेली असतात. फिनॉलने पुन्हा शुद्ध केलं की टीएलआर-२ गप्प बसतं. गंमत म्हणजे सत्तरच्या दशकातच दिसलं होतं की एलपीएस अशुद्ध असेल तर हेजेच्या पेशीही प्रतिसाद देतात.

२०११ मध्ये ब्यूटलर आणि हॉफमन यांना नोबेल मिळालं. उरलेला अर्धा वाटा राल्फ स्टाइनमन यांचा होता. पण टीएलआर-४ अडवणाऱ्या एरिटोरान या औषधाने गंभीर सेप्सिसचे मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०१३ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. उंदीर माणसापेक्षा एंडोटॉक्सिन कितीतरी जास्त सहन करतो हेही लक्षात ठेवायला हवं.

तेव्हा प्रयोगाच्या वहीत नुसतं 'सी३एच उंदीर' किंवा 'एलपीएस' लिहून थांबू नका. उपजात कोणती, ती कुठून आणली, एलपीएस कोणत्या पद्धतीने शुद्ध केलं, सगळं लिहा. या गोष्टीत उत्तरं तिथेच दडलेली होती.