कोशांतून निसटलेली दासी

इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे ह्यांनीं १८७९ मध्यें वाचकांना साहाय्याची हांक दिली. शेंकडों स्वयंसेवकांनीं विनावेतन ग्रंथ चाळले. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, अवतरण, ग्रंथनाम व वर्ष लिहून पाठविलें. पुराव्यावांचून शब्दाला प्रवेश नव्हता. तरीहि ‘बाँडमेड’, म्हणजे दासी, हा १६११ च्या इंग्रजी बायबलांतील शब्द सुटला. त्याच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या होत्या. १८८८ चा पहिला खंड त्यावांचूनच निघाला. मरे ह्यांनीं पुढें ही चूक पत्रांत मान्य केली. १९१५ मध्यें ते वारले. १९२८ मध्यें कोश पुरा झाला. दासीला जागा मिळाली ती १९३३ च्या पुरवणींत. कोशांत नाहीं तो शब्द भाषेंतच नाहीं, असें समजणाऱ्यानें ही दासी आठवावी.