वाहिनीचा वेग आणि उसाची पाळी : वारणा खोऱ्यातील संगणकजोडणीचा एक ऐतिहासिक विचार

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा हे शहर कृष्णा आणि वारणा या नद्यांमधील ऊसपट्ट्यात वसलेले आहे. या पट्ट्यातील सहकारी साखर कारखानदारीचा आर्थिक व राजकीय इतिहास विपुल लिहिला गेला. त्या कारखानदारीतील माहितीच्या वहनाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. लागणीची नोंद झाली काय, तोड कोणत्या आठवड्यात येणार, वजनकाट्यावर किती टन भरले, बिलातून खताची किती रक्कम वजा होणार, या प्रश्नांच्या उत्तरांसाठी शेतकऱ्याला गट कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागत. तोड लांबली की उभ्या उसाचे वजन आणि उतारा दोन्ही घटतात, शिवाय रानही मोकळे होत नाही. अशा स्थितीत माहिती किती वेगाने पोहोचते हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न उरत नाही.

आष्ट्याच्या पश्चिमेस, वारणा नदीपलीकडे असलेल्या वारणानगर येथे 1998 मध्ये या प्रश्नाला हात घालण्यात आला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी संस्थांच्या आधारे कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावे संगणकाने जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह यांनी हाती घेतला. अंमलबजावणीची जबाबदारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. गावोगावी 54 संगणक केंद्रे उभी राहिली. शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, शिक्षण अशी उद्दिष्टे घोषित झाली होती; प्रत्यक्षात या केंद्रांवर प्रामुख्याने चालले ते उसाचेच कामकाज. गावातील संगणकावर झालेल्या नोंदी कारखान्यातील मध्यवर्ती संगणकाकडे जात आणि तेथील माहिती गावाकडे येई.

ही देवाणघेवाण दूरध्वनीच्या तारेवरून होत असे. मोडेमचे 'व्ही-90' हे मानक 1998 मध्येच ठरले. त्यानुसार माहिती येण्याचा कमाल वेग सेकंदाला 56 किलोबिट, तर ग्राहकाकडून जाण्याचा 33.6 किलोबिट होता. बिट आणि बाइट यांच्यातील आठपटीचा फरक ध्यानात घेता 1.44 मेगाबाइटची एक फ्लॉपी रिकामी होण्यास जाताना जवळजवळ सहा मिनिटे लागतील, तीही तार निर्दोष असेल तर. तारेत खरखर असली की मोडेम आपोआप खालच्या वेगावर उतरते, आणि वीज गेली की सारेच थांबते. खिशात फ्लॉपी घालून दुचाकीवरून शेजारच्या गावी जाणारा मुलगा कित्येकदा तारेच्या पुढे गेला असता!

याचा अर्थ असा की, फाइलच्या वहनाचा वेग साखळीतील सर्वांत अरुंद कडीवर ठरतो. आज आष्ट्यातील एखाद्या घरात राउटरला सामायिक हार्ड डिस्क जोडली जाते, तेथेही हाच नियम दिसतो. जुन्या राउटरचे द्वार 100 मेगाबिटचे असेल तर डिस्क कितीही उत्तम असो, सेकंदाला 12.5 मेगाबाइटपलीकडे काही जात नाही. लग्नाच्या 10 गिगाबाइट चित्रीकरणास तेरा मिनिटांहून अधिक काळ लागतो. द्वार, तार आणि संगणक हे तिन्ही गिगाबिटचे केल्यास तोच काळ तत्त्वतः 80 सेकंदांवर येतो. मात्र तेथे डिस्क स्वतःच अरुंद कडी होऊन बसते. हजारो लहान छायाचित्रे एकेक करून पाठविण्यापेक्षा त्यांची एक गठडी बांधून पाठविणे जलद पडते, कारण प्रत्येक फाइलमागे उघडणे, नोंदणे व मिटणे हा ठरलेला खर्च असतोच.

वारणेत तार रुंद करण्याचा मार्ग निवडला गेला नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी 2006 च्या सुमारास 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश वापरण्यात आले. एका लघुसंदेशात रोमन लिपीची 160 अक्षरे मावतात, म्हणजे जेमतेम 140 बाइट. देवनागरीची तर 70 च. परंतु शेतकऱ्याला हवे होते ते एवढेच: टनेज, खताची रक्कम, तोडीची परवानगी. आधीच्या संगणकांवर होणारी सर्व कामे या पद्धतीने पार पडली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तीच अधिक सोयीची वाटली, असे संशोधकांनी नोंदविले आहे. गावातील संगणकांचा डोलारा एवढ्याशा मजकुरासाठी उभा होता, हे आठ वर्षांनी उमगावे याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

तथापि संदेश क्षणात आला म्हणून तोड त्याच दिवशी येत नाही. ऊस तोडणारे हात प्रामुख्याने बीड व मराठवाड्यातील अन्य दुष्काळी भागांतून येतात. टोळी अपुरी असेल तर परवानगीचा संदेश शेतकऱ्याच्या हातातील यंत्रात पडून राहतो आणि ऊस रानात उभा राहतो.